मेथीचा वास, मॅगीचा वास

"डॉक्टरताई, नमस्कार. मी मूळची सातारची. नवऱ्याच्या नोकरीमुळे दोन वर्षांपासून जर्मनीत, स्टुटगार्टला राहते. मलाही इथे नोकरी लागली आहे. मागच्या महिन्यात ऑफिसातल्या एका बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की तुझ्या अंगाला मॅगीसारखा वास येतो. आमच्या घरी मॅगी होतच नाही. मी दोन वेळा आंघोळ करते, डिओ मारते. त्याच आठवड्यात आमची पाच वर्षांची मुलगी बालवाडीतून रडत घरी आली. एक मुलगा तिला म्हणाला, 'तुला घाण वास येतो.' तेव्हापासून नवऱ्याने घरात कांदा, लसूण, फोडणी सगळं बंद करायला लावलंय. माझी कोरियन मैत्रीण आमच्यापेक्षा जास्त लसूण खाते, पण तिला कधी घामाचा वास येत नाही. मग आपल्यालाच का? आपल्या जेवणातच काही खोट आहे का? मी तब्येतीची काळजी घेते, रोज सकाळी उपाशीपोटी भिजवलेले मेथीदाणे खाते. पण आता लिफ्टमध्ये कुणी आलं की मी आपोआप कोपऱ्यात सरकते. काय करू?"

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र वाचता वाचता मी एका शब्दापाशी थांबले. मेथीदाणे. तू तो जाता जाता लिहिलास, पण तुझ्या कोड्याचं निम्मं उत्तर त्यातच आहे.

आपल्याकडे मॅगी म्हणजे नूडल्स. जर्मन माणसाच्या डोळ्यांसमोर मात्र एक बाटली येते. तपकिरी काचेची, पिवळ्या लेबलची, आत सोया सॉससारखं काळपट पाणी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ही बाटली तिकडच्या जेवणाच्या टेबलावर आहे, सूपवर त्यातले चार थेंब शिंपडायची पद्धत आहे. पुढच्या खेपेला दुकानात गेलीस की एक छोटी बाटली आण, झाकण उघडून हुंग, आणि लगेच तुझ्या भिजवलेल्या मेथीची वाटी नाकाशी धर. तुझं तुलाच कळेल.

या वासाच्या मुळाशी सोटोलोन नावाचं द्रव्य आहे. ते अगदी कणभर असलं तरी नाकाला कळतं. मेथी पोटात गेली की तिचा हा वास रक्तात उतरतो आणि घामातून, लघवीतून बाहेर पडतो. म्हणून दोन आंघोळींनी तो गेला नाही. साबण कातडीवरचं धुतो, हे तर आतून येतंय. त्या बाईंनी तुझा अपमान केला असं मला वाटत नाही. त्यांना जो वास आला, त्याला त्यांच्या घरात जो शब्द होता तो त्यांनी वापरला. आणि चारचौघांत न बोलता बाजूला घेऊन सांगितलं.

हाच वास कॅनडात आला असता तर तिथला माणूस म्हणाला असता, मेपलच्या पाकाचा वास येतोय. नवजात बाळांचा एक गंभीर आजार आहे, त्यात बाळाच्या लघवीला या पाकासारखा वास येतो आणि आजाराचं नावही त्यावरूनच पडलंय. आईने बाळंतपणाच्या सुमारास मेथी घेतली असेल तर ठणठणीत बाळाच्या लंगोटालाही तसाच वास येतो आणि डॉक्टरांची धावपळ होते, अशा नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. न्यूयॉर्कमध्ये तर 2005 पासून अधूनमधून शहरभर हा गोड वास पसरायचा आणि लोक घाबरून फोन करायचे. 2009 मध्ये छडा लागला. नदीपलीकडे न्यू जर्सीतल्या एका सुगंधी द्रव्यांच्या कारखान्यात मेथीदाण्यांवर प्रक्रिया चालायची. आपल्याकडे डिंक-मेथीचे लाडू खाणाऱ्या बाळंतिणीच्या खोलीत हाच वास असतो. तिथे तो कुणाला खटकत नाही, आपल्याला तो जिव्हाळ्याचाच वाटतो.

तेव्हा पहिलं काम सोपं आहे. दहा दिवस मेथीदाणे आणि कसुरी मेथी बंद. साखरेसाठी डॉक्टरांनी औषध दिलं असेल आणि त्याच्या जोडीला तू मेथी घेत असशील, तर त्यांना सांगून बंद कर, कारण मेथीनेही साखर थोडी उतरते. दहा दिवसांनी त्याच बाईंना सरळ विचार, आता येतो का वास? विचारायला लाज वाटेल, पण विचार. स्वतःच्या नाकावर या बाबतीत भरवसा ठेवता येत नाही. रोजचा वास नाक काही मिनिटांतच ऐकेनासं होतं.

आता कोरियन मैत्रीण. घामाला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतोच. अंगभर ज्या घर्मग्रंथी आहेत त्यांतून खारं पाणी येतं. काखेत आणि जांघेत वेगळ्या ग्रंथी असतात. त्यांतून थोडा दाट स्राव येतो, तो तिथले जीवाणू खातात आणि त्या खाण्यातून दर्प तयार होतो. हा स्राव किती आणि कसा यायचा ते बऱ्याच अंशी एका जनुकावर ठरतं. त्याचं नाव एबीसीसी11. 2006 मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की कानातला मळ ओला-चिकट असणार की कोरडा-भुसभुशीत, हेही याच जनुकावर ठरतं. ज्यांचा मळ कोरडा, त्यांच्या काखेला वास अगदी कमी. कोरियात बहुतेक सगळे कोरड्या मळाचे. युरोपात जवळपास सगळे ओल्या मळाचे. आपल्याकडे दोन्ही प्रकार सापडतात, घरात एकेकाला विचारून बघ.

म्हणजे तुझी मैत्रीण लसूण पचवण्यात हुशार आहे असं नाही. तिच्या काखेची घडणच वेगळी आहे. आणि काखेचाच हिशेब मांडायचा तर तुझे जर्मन सहकारी तुझ्यापेक्षा एक पाऊल पुढेच असतील, मागे नक्की नाहीत. हे जपानी लोकांच्या नाकाने फार पूर्वी टिपलं होतं. बुंतारो आदाची या जपानी शरीरशास्त्रज्ञाने 1903 मध्ये युरोपीय माणसांच्या अंगाच्या वासावर चक्क जर्मन भाषेत लेख लिहिला. जपानीत 'बाता-कुसाई' असा शब्दच आहे, लोण्याचा वास मारणारा. पाश्चात्त्य वळणाच्या माणसाला आणि वस्तूला तो लावतात. दूध-लोणी फारसं न खाणाऱ्या देशात लोणी खाणाऱ्याचा वास उठून दिसला. तुझा आता स्टुटगार्टमध्ये उठून दिसतोय. सातारला तो दिसत नव्हता, कारण तिथे सगळ्यांच्याच घरात दुपारी साडेबाराला लसणाची फोडणी बसते.

नवऱ्याच्या बंदीबद्दल मला स्पष्टच लिहायचंय. तो वाईट हेतूने करत नाहीये, मुलगी रडत आली म्हणून घाबरलाय. पण त्याने चुकीचा गुन्हेगार पकडलाय.

लसणाचा वास येतो, हे खरं. लसणातलं एक गंधकयुक्त द्रव्य पोटात मोडत नाही, रक्तात जातं आणि फुप्फुसांवाटे श्वासातून येत राहतं. कच्च्या लसणाची चटणी किंवा ठेचा खाल्ला तर दुसऱ्या दिवशीपर्यंतही. दात घासून तो जात नाही, कारण तो दातांत नसतोच. पण जेवणात लसणाच्या जोडीला दही, सफरचंद किंवा पुदिना असेल तर तो बराच कमी होतो, हे अमेरिकेत ओहायोच्या विद्यापीठात मोजून पाहिलंय. म्हणजे ऑफिसच्या आदल्या रात्री ठेचा नको आणि पानात दही हवं, एवढं केलंस तरी पुरे. शिजलेल्या लसणाचा त्रास कच्च्याच्या मानाने कितीतरी कमी.

काखेच्या वासाबद्दल तर उलटंच निघालंय. प्रागमधल्या संशोधकांनी 42 पुरुषांच्या काखेतले कापसाचे बोळे 82 बायकांना हुंगायला दिले होते. भरपूर लसूण खाल्लेल्या पुरुषांचा वास त्यांना जास्त सुखद वाटला. हा अभ्यास 2016 मध्ये छापून आला. त्याच शहरात 2006 मध्ये 17 पुरुषांना दोन आठवडे मांसाहारी आणि दोन आठवडे बिनमांसाचं जेवण देऊन तुलना केली, तेव्हा मांस न खाल्लेल्या दिवसांतला वास बायकांना सौम्य आणि बरा वाटला. असे प्रयोग लहान असतात, त्यावरून कुणी मटण सोडावं असं मी म्हणणार नाही. पण 'आपल्या जेवणातच खोट आहे का' या तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर ठाम 'नाही' असं आहे.

आता मुलगी. पत्रातलं हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं.

काखेतल्या त्या दुसऱ्या ग्रंथी वयात येईपर्यंत झोपलेल्या असतात. पाच वर्षांच्या मुलीला मोठ्यांसारखा घामाचा वास सहसा येतच नाही. (सात-आठ वर्षांच्या आतल्या मुलीला खरोखर तसा वास यायला लागला तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवायचं, कारण वयात येण्याची सुरुवात फार लवकर झालेली असू शकते.) तेव्हा त्या मुलाला आला तो तुझ्या लेकीच्या अंगाचा वास नव्हता. तो तिच्या जाकिटाचा होता, टोपीचा होता, किंवा वेणीला लावलेल्या तेलाचा. तेल डोक्यावर दोन दिवस राहिलं की खवट होतं, आपल्याकडच्या शाळेतही तो वास येतोच. तेल जरूर लाव, पण शुक्रवारी रात्री लाव आणि शनिवारी न्हाऊ घाल.

आणि जाकीट. मी न बघता सांगते, तुमच्या घरात कोट दाराशेजारच्या खुंट्यांवर टांगलेले असणार आणि स्वयंपाकघर तिथून चार पावलांवर, कदाचित मध्ये दारही नाही. हिवाळ्यात खिडक्या बंद. तेल तापलं, मोहरी तडतडली, हिंग पडला की तेलाचे डोळ्यांना न दिसणारे थेंब हवेत उडतात. हिंगाचा आणि लसणाचा वास त्यांच्यावर स्वार होऊन घरभर जातो आणि लोकरीच्या कापडात जाऊन बसतो. तो कोट तू रोज धूत नाहीस, कुणीच धूत नाही. तिथे चार महिन्यांच्या फोडण्या साठतात. आणि तोच कोट घालून गरम ट्राममध्ये किंवा वर्गात गेलं की तो वास मोकळा होतो.

शिवाय तिथल्या बऱ्याच भाड्याच्या घरांत चुलीवरची चिमणी हवा बाहेर टाकतच नाही, गाळून परत खोलीत सोडते. तुमची तशी आहे का बघ. असेल तर तिच्यातली कोळशाची गाळणी बदलायला झालेली असेल, आणि जाळीवर बोट फिरवलंस तर पिवळं चिकट तेल लागेल. ती जाळी गरम पाण्यात सोडा घालून धू. स्वयंपाकाआधी सगळे कोट, शाली, दप्तरं बेडरूममध्ये ठेवून दार लावायचं. फोडणीवर झाकण. झाल्या झाल्या समोरासमोरच्या खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडायच्या. जर्मन लोक याला 'श्टोसल्यूफ्टन' म्हणतात, थंडीतही न चुकता करतात, पुष्कळ भाडेकरारांत ते लिहिलेलंही असतं. ही त्यांची सवय खरंच घेण्यासारखी आहे. कोट एकदा ड्रायक्लीनिंगला दे. ओले कपडे घरात कोंदट जागी वाळत घालत असशील तर त्यांना कुबट वास धरतो, टॉवेल आणि आतले कपडे 60 अंशांवर धू. आणि स्वतःसाठी पॉलिस्टरच्या टॉपऐवजी सुती कापड निवड. बेल्जियममधल्या एका अभ्यासात 26 जणांना व्यायाम करायला लावून त्यांचे शर्ट दुसऱ्या दिवशी हुंगले, तेव्हा पॉलिस्टरचे जास्त वासट निघाले.

घरात खरंच किती वास साठलाय ते एकदा तपासून बघ. दोन दिवस कुठे बाहेरगावी जाऊन ये आणि परत आल्यावर दार उघडताना पहिला श्वास नीट घे. पहिलाच. तिसऱ्या श्वासाला नाकाला सवय झालेली असते.

डिओबद्दल थोडक्यात. डिओ वासावर वास चढवतो. घाम कमी करायचा असेल तर बाटलीवर अँटिपर्स्पिरंट लिहिलेलं घे आणि ते सकाळी घाईत नाही, रात्री कोरड्या काखेला लाव. आपल्या न्हाव्याकडची तुरटी ओली करून फिरवलीस तरी चांगला उपयोग होतो, ती जीवाणूंना वाढू देत नाही. हे सगळं करून महिन्याभरातही वास गेला नाही, किंवा तो माशासारखा किंवा नेलपॉलिश रिमूव्हरसारखा असेल, तर उशीर न करता रक्त-लघवीची तपासणी करून घे. काही आजार आधी वासातूनच कळतात.

एक माझं सांगते. मी मालवणची. अकरावीला पुण्यात हॉस्टेलवर राहायला आले तेव्हा आईने डब्यात सुकटीची चटणी दिली होती. फडक्यात बांधलेला स्टीलचा डबा, वरून प्लॅस्टिकची पिशवी. तिसऱ्या दिवशी खोलीवर आले तर माझी ट्रंक बाहेर पॅसेजमध्ये होती. कुणी काही बोललं नाही, सगळ्या पुस्तकांत डोकं घालून बसल्या होत्या. मी डबा मागच्या नाल्यात रिकामा केला आणि पुढे सहा वर्षं घरून काही आणलं नाही. आई दर सुट्टीत विचारायची, देऊ का गं? मी म्हणायचे, मेसचं जेवण चांगलं असतं.

पुढे ठाण्यात दवाखाना टाकला. एक मासळी विकणाऱ्या मावशी हाताच्या खरजेसाठी यायच्या. बाकावर जागा असली तरी दाराबाहेर उभ्या राहायच्या, नंबर आला की आत येण्याआधी पिशवीतून लिंबाची फोड काढून तळव्यांना चोळायच्या. लिंबाने तो वास खरोखर कमी होतो, कारण माशाचा वास ज्या द्रव्याचा असतो त्याला आंबट लागलं की ते हवेत उडत नाही. पण त्या लिंबानेच त्यांच्या भेगा चरचरायच्या आणि खाज वाढायची. मी दोन भेटींनंतर त्यांना सांगितलं, मावशी, माझ्याकडे येताना लिंबू लावायचं नाही, मी सुकटीवर वाढलेली आहे. त्या पहिल्यांदा बाकावर बसल्या. शेजारच्या बाई उठून दुसरीकडे गेल्या. मावशींनी ते बघितलं, मीही बघितलं.

हे तुला सांगण्याचं कारण असं की वासावरून माणसाला बाजूला काढायला आपल्याला जर्मनीत जावं लागत नाही. आपल्या मुंबईत मांसाहारी कुटुंबाला घर नाकारताना वासाचंच कारण पुढे केलं जातं. इंग्लंडमध्ये केंट परगण्यातल्या एका घरमालकाने 'करीचा वास मागे राहतो' म्हणून आपल्यासारख्या भाडेकरूंना बंदी घातली होती. 2017 मध्ये तिथल्या कोर्टाने ती बेकायदा ठरवून मनाई केली. तुझ्या ऑफिसातल्या बाईंचं बोलणं आणि ही बंदी या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यावर तुला उपाय करता येतो आणि तू करशीलच. दुसरं कुणी करू पाहिलं तर तिथे कोट धुवायचा नाही, तक्रार करायची.

बालवाडीतल्या बाईंना भेट. त्या मुलाला शिक्षा करा असं म्हणू नकोस, तो पाच वर्षांचा आहे आणि त्याला अनोळखी वास आला. वर्गात असं बोललं गेलं आणि माझी मुलगी रडली, एवढं सांग. त्या त्यांच्या पद्धतीने बोलतील. लेकीसमोर मात्र 'वास येतो म्हणून आता डाळीला फोडणी नको' हे वाक्य पुन्हा कधी निघता कामा नये, ना तुझ्या तोंडून, ना तिच्या बाबांच्या. तिला शब्द दे. तिला ओट्याशी उभी करून मसाल्याचा डबा उघड आणि एकेक हुंगायला लाव. हे जिरं, हा हिंग, ही मोहरी, तिला वास नाही, ती तेलात पडल्यावर बघ. तिला ते जर्मनमध्ये काय म्हणायचं तेही शिकव. जिऱ्याला क्रॉयत्सक्युमेल म्हणतात. उद्या कुणी विचारलं, हा कसला वास, तर तिला रडू येण्याआधी उत्तर यायला हवं.

दहा दिवसांनी त्या बाई काय म्हणाल्या ते मला नक्की कळव. आणि आज संध्याकाळी कोट आत ठेव, दार लाव, नवऱ्याला खिडकीपाशी उभा कर आणि वरणाला लसणाची फोडणी घाल.

तुझी,
डॉक्टरताई